कौसाचं दुसरं उत्तर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, बरोबरच्या मास्तरमंडळींना नाही, विद्यार्थ्यांना तर नाहीच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या संशोधनातली खोट काढणाऱ्या बाईनं स्वतःचं काय लपवलंय, हे ऐकायला पुष्कळ जण आनंदानं जमले असते. पण झाकली मूठ सव्वा लाखाची — ती मी झाकूनच ठेवली. आता बोटांत जोर राहिला नाही, असं समजा हवं तर.

बसा ना. घाई नाही ना तुम्हाला? मला तर मुळीच नाही. भिंगारच्या या दोन खोल्यांत संध्याकाळ एकदा आली की हलतच नाही. शेजारची सून दारावरून जाताना विचारते, "मावशी, जेवलात का?" मी "हो" म्हणते — जेवलेली असो वा नसो. दिवसाचं बोलणं ते तेवढं. मग रेडिओ लावायचा. मग समोरच्या फडताळावर ठेवलेलं पितळेचं निरांजन दिसत राहतं. त्या निरांजनापाशीच यायचंय मला, पण जरा आडवळणानं येऊ द्या.

मी कॉलेजात संशोधनाच्या पद्धती शिकवत असे. विषय मुलांचा — घरात मार खाल्लेली, डागलेली, कोंडून ठेवलेली मुलं. त्यांच्या मनावर काय आघात होतो याचा कुणी अभ्यास केला की तो तपासायला माझ्याकडे यायचा. निष्कर्ष मी आधी वाचतच नसे. मुलाला विचारलं कुणी? कुठं बसून? दारात कोण उभं होतं? मुलानं सांगितलं ते त्याच्या घरी कळणार नाही याची काय तजवीज केली? या प्रश्नांवर मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. विद्यार्थी माझ्या माघारी मला फौजदारीण म्हणत, आणि ते मला ठाऊक होतं, आणि मला ते आवडायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, त्यातला प्रकार. मला ते प्रश्न इतके नेमके का सुचायचे, हे कुणीच कधी विचारलं नाही.

हे घडलं तेव्हा मी चोवीस-पंचविशीची होते. बाहत्तरचा दुष्काळ सरला होता, पण नगरच्या पूर्वेकडची माणसं अजून सावरली नव्हती. पाथर्डीच्या बाजूला दसरा झाला की गावं रिकामी व्हायची — बैलगाडीत भांडीकुंडी टाकून नवरा-बायको ऊस तोडायला सोनईकडे, कोपरगावकडे, जिकडं कारखाना असेल तिकडं निघायची. तान्ही लेकरं बरोबर जायची. जरा मोठी मागं राहायची, आजीकडे, नाही तर चुलत्याकडे. या मागं राहिलेल्या मुलांना कोण कसं वागवतं आणि त्याचं त्यांच्या मनात काय होतं, हे आमच्या सरांना शोधायचं होतं. सर पुण्यात बसायचे. हिंडणं आमच्याकडे.

पद्धत त्यांनी आम्हाला घोटून शिकवली होती. मुलाला एकटं गाठायचं, त्याच्याशी खेळायचं, खेळता खेळता विचारायचं. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर ते मूल अभ्यासात धरायचं, नाही तर सोडून द्यायचं. आणि सगळ्यात वरचा नियम — मुलाचा शब्द त्याच्या घरात जाता कामा नये. काही झालं तरी. एखाद्याचे हाल फारच दिसले तर ते सरांना येऊन सांगायचं, ते पुढचं बघतील. नियम साधा होता. मला तो पाठ होता.

गावाचं नाव सांगत नाही. तिथं एकट्या तरुण मुलीनं राहावं असं एकच घर होतं, म्हणजे दाराला आतून कडी असलेली खोली एकाच घरात होती. घर आण्णांचं. गळ्यात तुळशीची माळ, आवाज खाली, गावात शब्दाला मान. भाऊ आणि भावजय ऊसतोडीला गेलेली, त्यांची नऊएक वर्षांची मुलगी कौसा यांच्याकडे. म्हणजे जिचा अभ्यास करायचा तिच्याच घरात माझं बिऱ्हाड. तिथंच मी सरांना चार ओळी लिहून घर बदलून मागायला हवं होतं. नाही मागितलं. आण्णांच्या बायको, म्हणजे वहिनी, सकाळी अंघोळीला कडकडीत पाणी काढून द्यायच्या, आण्णा बाजारातून येताना माझ्यासाठी मुद्दाम पेरू आणायचे. कुणी माझ्यासाठी काही मुद्दाम आणावं, याची मला सवयच नव्हती.

वडील मी शाळेत असतानाच गेले होते, आई त्याच्या आदल्या वर्षी. पाठचा-पुढचा कुणी नाही. मामांकडे वाढले, पण मामींच्या घरात भाऊबिजेला मामेभावांच्या ओळीत त्यांच्या सख्ख्या बहिणीचं ताट आधी फिरायचं, आणि माझ्यापर्यंत येईतो पोरं उठून फटाक्यांकडे पळालेली असायची. हसू नका. एवढ्याशा गोष्टीचं काय, असं मीही स्वतःला सांगत आले. त्या दिवाळीला अभ्यासाच्या कामावरच्या सगळ्या पोरी आपापल्या घरी गेल्या आणि मी गावातच राहिले. जाणार कुठं?

भाऊबिजेच्या दिवशी आण्णा अंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसले आणि वहिनींना म्हणाले, "ताईला बोलवा. मला भन न्हाई, तिला भाऊ न्हाई. वंगाळ काय हाय त्यात?"

वहिनींनी ताट माझ्या हातात दिलं. माझे हात असे थरथरले की निरांजनातलं तूप सांडलं. मी त्यांना कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांनी ताटात खण ठेवला आणि ते पितळेचं निरांजन मला देऊन टाकलं — म्हणाले, दर वरसाला ह्येच आनायचं. खोलीची कडी लावून मी रडले. सुखानं रडले, खरं सांगते. चोविसाव्या वर्षी मला माहेर मिळालं होतं. कौसा त्या दिवसापासून मला आत्या म्हणायला लागली.

त्यानंतर आठवड्याभरात मी कौसाला गाठलं. विहिरीच्या पलीकडे बाभळीखाली आम्ही दोघी सागरगोटे खेळत होतो. ती खेळण्यात पटाईत होती, मला हरवून खदखदून हसायची. मी विचारलं, आईची आठवण येते का गं? ती गोटे झेलत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आत्या, तू कुनाला सांगनार न्हाईस ना? गळ्याशप्पत?"

मी गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हणाले, गळ्याशप्पथ.

"आईचं नाव काढलं का आन्ना दाव्यानं बांदतो. पायाला. गोठ्यात. आमच्या पवळ्याच्या खुट्याला." एवढं बोलून तिनं पुढचा डाव मांडला. पवळ्या म्हणजे तिच्या बापाचा बैल, गाडीला जुंपून गेलेला. त्याच्या मोकळ्या खुंट्याला हे लेकरू बांधलं जायचं. घोट्यावर काळपट वळ होता, तो मी आधी पाहिला होता आणि वाळ्याचा असेल असं धरून चालले होते.

आता काय करायचं? नियम काय होता? तोंड मिटायचं, आणि सरांना जाऊन सांगायचं. एस.टी.नं दुसऱ्या दिवशी पुणं गाठता आलं असतं. मी गेले नाही. मला वाटलं — काय वाटलं ते जसंच्या तसं सांगते, त्याला रंग देत नाही — मला वाटलं, सर याचा बोभाटा करतील. मोठी माणसं येतील, आण्णांना जाब विचारतील, आणि माझा भाऊ जाईल. नुकता मिळालेला. त्यापेक्षा मीच बहिणीच्या नात्यानं दोन शब्द सांगितले तर? बहिणीनं भावाला नाही सांगायचं तर कुणी? मी तर चक्क खूश होते हो, की मला असं हक्कानं बोलायला कुणीतरी आहे!

संध्याकाळी ओट्यावर मी लाडात येऊनच म्हणाले, आण्णा, पोरीला दाव्यानं बांधता म्हणे, असं करू नये.

आण्णा हसले. "आईच्या नावानं हंबरती ती सारकी. रडकं पोर घरात म्हंजी अवदसा. पर तुमी म्हनला न्हवं? न्हाई बांदनार. भनीचा शबूद हाय."

कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. विचारायची गरजच काय होती? मला मात्र वाटलं, झालं, सुटला प्रश्न, सरांना जे जमलं नसतं ते मी ओट्यावर बसून दोन मिनिटांत केलं. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या गावांना गेले. निघताना कौसा दिसली नाही. शेण गोळा करायला गेली असेल, वहिनी म्हणाल्या.

संक्रांतीच्या सुमारास मी परत आले, दुसऱ्यांदा विचारायला. बाभळीखाली बसलो. मी सागरगोटे काढले. ती खेळली नाही. गोटे मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मी तोच प्रश्न विचारला, तशाच आवाजात, जसं शिकवलं होतं तसं.

"न्हाई. आन्ना बांदत न्हाई. आन्ना लई माया करतो. मी खोटं बोलले हुते," ती म्हणाली. एका दमात, पाढा म्हणावा तसं. मग विचारलं, "आत्या, आता जाऊ?"

पायाला तिनं लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. उठताना ती सैल झाली. खालचं मांस ओलं होतं. तिनं पटकन चिंधी सारखी केली आणि गेली. मी पाहिलं. नीट पाहिलं. अंधार नव्हता, भर दुपार होती, आणि माझे डोळे तेव्हा उत्तम होते.

आण्णांनी दिलेला शब्द मोडला होता, पण माझी शपथ मी आधीच मोडली होती. कौसाचं उत्तर का बदललं हे जगात तीन माणसांना माहीत होतं, आणि त्यातली सरांना भेटणारी एकटी मी. मी पुण्याला गेले. सरांनी विचारलं, या मुलीचं काय? मी म्हणाले, तिची दोन्ही उत्तरं जुळत नाहीत, मुलगी कल्पना करते. त्यांनी मान हलवली. कौसा अभ्यासातून गेली. तिच्या पायाबद्दल मी बोलले नाही. ऊसतोडीचा अर्धा हंगाम अजून बाकी होता, तेवढे दिवस तिला त्या गोठ्यातच काढायचे होते, आणि मी एक वाक्य बोलले असते तर सर स्वतः गाडी करून गेले असते, असे ते गृहस्थ होते. मी बोलले नाही.

आणि ते तिथंच थांबलं असतं तर मी आज म्हटलंही असतं की लहान वय होतं, भ्याले. पण नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच. दोन-तीन वर्षांनी मी एक लेख लिहिला. मुलांच्या सांगण्यावर किती विसंबावं, हा विषय. त्यात उदाहरण दिलं — एका ग्रामीण मुलीनं पहिल्या भेटीत पालकांवर गंभीर आरोप केला, दुसऱ्या भेटीत तो स्वतःहून मागं घेतला. स्वतःहून! हा शब्द मी लिहिला, दोनदा वाचला आणि राहू दिला. लेख गाजला. त्याच्यावर मला कॉलेजातली जागा मिळाली. पुढं पुढं लोकांच्या अभ्यासांत तो लेख दिसायला लागला — मूल काही बोललं की हे पुस्तकी लोक माझं बोट धरून म्हणायचे, बघा, मुलं फिरतात. किती कौसा त्या वाक्यानं खोट्या ठरल्या असतील? मला ठाऊक नाही. मी कधी मोजायला गेले नाही.

एकदा मात्र वर्गात शेवगावकडची एक मुलगी उठली. हुशार, जरा उद्धट. तिनं माझाच लेख तपासायला घेतला होता. म्हणाली, "मॅडम, या दोन भेटींच्या मधे, मुलीनं काय सांगितलं ते घरात कुणाला कळलं होतं का?" एवढ्या वर्षांत तो प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो मीच त्यांना शिकवला होता. मी म्हणाले, "तशी नोंद नाही." खरंच नव्हती. ती म्हणाली, "मग हे उदाहरण चालतं कसं?" मी तिला खाली बसवलं, आणि तोंडी परीक्षेत तिला असं सोललं की पोर रडत बाहेर गेली. पुढं ती या विषयात राहिली नाही. कुठंतरी शाळेवर लागली म्हणे. माझ्या हातून घडलेलं हे दुसरं, आणि हेही मी कुणाजवळ बोलले नाही.

तुम्ही म्हणाल, आणि आण्णा? तुटलं असेल नातं. छे हो! आपलेच दात, आपलेच ओठ. दर भाऊबिजेला एक तर मी गावी जायची, नाही तर ते भिंगारला यायचे, बाजरीचं पोतं आणि शेंगदाण्याची पिशवी घेऊन. मी पाट मांडायची, हेच निरांजन लावायची. आमच्यात त्या गोष्टीचा शब्द कधी निघाला नाही. ते मला जीव लावायचे, आणि तो खराही होता, हीच तर पंचाईत आहे. आजारपणात महिनाभर माझ्या उशाशी बसून राहिलेला माणूस तो. त्याच हातांनी दाव्याची गाठ मारणारा.

कौसाचं लग्न झालं तेव्हा ती चौदा-पंधराची असेल. मी गेले होते. आत्याचा मान म्हणून मला मांडवात पुढं बसवलं. तिचे आई-वडील होते, आण्णा तर सगळ्या धावपळीत. पाठवणीच्या वेळी नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडते, आपल्याकडची रीतच आहे. कौसा आईच्या गळ्यात पडून रडली. आण्णांच्या पाया पडली, रडली नाही. मग माझ्याकडे आली. वाकली, उठली, गळ्यात पडली. बायका बघत होत्या. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आत्या, तुमी आन्नाला सांगितलं हुतं, ते मी आईलाबी सांगितलं न्हाई. तुमी काळजी करू नका."

बाभळीखाली ती मला तू म्हणायची. मांडवात तुमी म्हणाली. बायकांना वाटलं, आत्या-भाचीचा किती जीव! एकीनं डोळ्याला पदर लावला. मी कौसाच्या पाठीवरून हात फिरवला, जसा फिरवायचा असतो तसा. गाडी गेली.

त्यानंतर मी तिला भेटले नाही. ती कुठं आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. शोधायला कठीण नव्हतं. मी शोधलं नाही. लेखही मी मागं घेतला नाही, तो अजून तसाच आहे, अजूनही कुणी कुणी वाचतं.

आणि त्या लग्नानंतर जी पहिली भाऊबीज आली, तिला आण्णा आले होते. मी पाट मांडला. त्यांना कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, निरांजन लावून ओवाळलं. हात थरथरला नाही. तूप सांडलं नाही.